गाडी कोणाकोणाची आहे?

वाचकांचे प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी, खळ्यातल्या निंबाखाली वडिलांचा ट्रक उभा आहे. आरसी बुकात साल १९६८. वडिलांनी तो १९७९ मध्ये जुना घेतला आणि त्यावर पंचवीस वर्षं नंदुरबारची मिरची आणि आपल्या भागातला कापूस वाहिला. सुरत, इंदूर, सुरुवातीला आग्र्यापर्यंतही. २००४ पासून गाडी जागची हललेली नाही. फाळक्याच्या फटीत अजून मिरचीचं बी सापडतं. शाळेच्या सुट्टीत मी वडिलांबरोबर जायचो, धाकटा भाऊ लहान म्हणून घरी राहायचा. मागच्या वर्षी वडील गेले. भावाला त्या जागेवर कापसासाठी शेड टाकायची आहे. भंगारवाला किलोच्या भावाने न्यायला तयार आहे. एका हॉटेलवाल्याला गाडीचं फक्त पुढचं तोंड हवं आहे, त्यावरच्या चांदणीच्या खुणेसकट, भिंतीत बसवायला. तो भंगारापेक्षा जास्त देतो. आईला विचारलं तर म्हणते, ‘तुमनं तुम्ही देखा.’ भाऊ म्हणतो, लोखंडात जीव गुंतवणं वेडेपणा आहे. मला तर गाडीकडे बघितलं की गळा दाटून येतो. हा वेडेपणा आहे का? आणि ठेवायचीच झाली तर ‘व्हिंटेज’ म्हणून तिची नोंद होते का?

— एक वाचक, जि. धुळे

भाऊ, वेडेपणा नाही. माझ्या दारात १९७८ सालची टाटा १२१० उभी आहे. तिची आरसी माझ्या नावावर आहे आणि दरवर्षी मी तिचं पासिंग करून घेते. तिच्यावर वर्षाला जेवढं जातं तेवढं ती आता कमावत नाही. गाडीचा हिशेब पहिल्यापासून मीच लिहीत आले, त्यामुळे हे मला कोणी समजावून सांगायला नको. तरी ती दारात आहे आणि मी आहे तोवर राहील.

आमची गाडी सावद्याची, केळीची. दुपारनंतर मळ्यात भरायला लागायची. खाली केळीचाच पाला, त्यावर घड, थरावर थर, वरून पुन्हा पाला, मग ताडपत्री आणि दोर. रात्री निघाली की बुऱ्हाणपूर, असीरगड, खंडवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करत दिल्लीच्या आझादपूर मंडीत. हजार-अकराशे किलोमीटर. तुमच्या वडिलांचा कापूस एखादा दिवस वाटेत थांबला तर थांबला, केळी थांबत नाही. गाडी कुठे पडली की घड पिवळे धरायला लागतात आणि भाव तिथल्या तिथे बसतो. म्हणून केळीच्या गाडीवरचा माणूस झोप मोडून चालवायचा. १९९० मध्ये गाडीला बारा वर्षं झाली आणि देशभर माल न्यायच्या नॅशनल परमिटचा विषय संपला. पुढे ती मळा ते स्टेशन आणि मळा ते गोडाऊन एवढीच राहिली, पण राहिली.

ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला, खिडकीच्या कडेवर, वीतभर जागेत रंग नाही. आजूबाजूला निळा आहे, त्या निळ्याच्या काठाला आधीचा तांबडा दिसतो, त्याच्याखाली अस्तराची खाकी रेघ आणि मधोमध नुसता पत्रा. तो पत्रा गुळगुळीत झालाय आणि बोट फिरवलं तर किंचित खोलगट लागतो. गाडी आम्ही तीनदा रंगवली आणि तीनही वेळा तिथला रंग वर्षाच्या आत गेला. ते आमच्या यांचं उजवं कोपर. उन्हाळ्यात पत्रा तापायचा तेव्हा तिथे ओला पंचा टाकायचे, पण कोपर तिथून हलायचं नाही. यांना जाऊन तेरा वर्षं झाली. यांचे फोटो आहेत घरात, पण कुठल्याही फोटोला असा खोलगटपणा नाही.

तुमच्याही गाडीवर अशी एखादी जागा असणार. दारावर असेल, गिअरच्या दांड्याच्या गोळ्यावर असेल, ब्रेकच्या पट्टीवर असेल. आधी ती शोधा.

आता हॉटेलवाल्याचं. टाटांची टेल्को आणि जर्मनीची डेमलर-बेंझ, म्हणजे मर्सिडीजवाले, यांचा करार १९५४ मध्ये झाला आणि जमशेदपूरला हे ट्रक बनायला लागले. १९६९ मध्ये तो करार संपला, तिथून पुढच्या गाड्यांवर टाटांची स्वतःची खूण आली. तुमची गाडी १९६८ ची, म्हणजे तिच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असण्याच्या अगदी शेवटच्या दिवसांतली. जुने ड्रायव्हर या गाड्यांना अजून ‘मर्सिडीज’च म्हणतात. हॉटेलवाल्याला हीच चांदणी हवी आहे. माझं स्पष्ट मत लिहिते: तोंड कापून देऊ नका. भंगारात गेली तर निदान सगळी एकत्र जाईल, वितळेल आणि लोखंड म्हणून पुन्हा कुठेतरी कामाला लागेल. पण तोंड भिंतीत आणि धड भंगारात, हे ज्या गाडीने घर चालवलं तिच्याशी बरं नाही. ते पैसे घेतलेत तर त्या रस्त्याने जाताना तुम्हाला मान वळवून बसावं लागेल.

व्हिंटेजचं थोडक्यात. २०२१ मध्ये केंद्राने नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी ते आहेत. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, प्रदर्शन-रॅलीला किंवा दुरुस्तीला नेण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. पण मुख्य गोष्ट ही, की ते नियम दुचाकी आणि खासगी वापराच्या मोटारींसाठी आहेत, मालट्रक त्यात बसेल हे धरून चालू नका. धुळ्याच्या आरटीओत जाऊन तोंडी नाही, लेखी विचारा. आणि जुन्या मोटारींसारखी ट्रकला लाखांची किंमत येईल या आशेवर तर बिलकूल ठेवू नका. ठेवायची तर तुमची म्हणून ठेवा.

त्याआधीचं एक काम मात्र टाळू नका. गाडी अजून वडिलांच्या नावावर असणार. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. २००४ नंतर वडिलांनी गाडी बंद असल्याचं, म्हणजे नॉन-यूजचं, कळवलं होतं का ते बघा. कळवलं नसेल तर टॅक्स साचलेला असू शकतो. भंगारात द्यायची झाली तरी हे निस्तरावंच लागेल, आणि तेव्हाही सरकारमान्य स्क्रॅप केंद्रातच द्या. नाहीतर गाडी वितळून जाईल आणि कागदावर ती तुमच्या दारात उभीच राहील.

आता भाऊ, तुमच्या पत्रातलं जे वाक्य मी चार वेळा वाचलं त्याच्याकडे येते. ‘धाकटा भाऊ लहान म्हणून घरी राहायचा.’ तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात.

माझी मुलगी नाशिकला असते. मागच्या दसऱ्याला सगळे घरी होते. गाडी धुतली, हार घातला, नारळ फोडला, मी गाडी चालू करायला लावली. नातू कॅबिनमध्ये चढला आणि त्याने हॉर्न दाबला. सगळे हसले. मुलगी उठून आत गेली. मला वाटलं, वडिलांची आठवण आली असेल. रात्री भाकरी थापताना विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘आई, तो हॉर्न म्हणजे बाबा गेले.’ हे निघताना पारापाशी दोनदा हॉर्न द्यायचे. आपल्याला निरोप म्हणून देतात, हे मला कळायचं आणि बरं वाटायचं. ती पाच वर्षांची पोर तेव्हा हातातला घास खाली ठेवायची. मी म्हटलं, अगं, परत येतानाही तोच हॉर्न वाजायचा की. ती म्हणाली, ‘परत यायचे तेव्हा रात्र असायची, मी झोपलेली असायचे.’

इतकी वर्षं तोच हॉर्न मी एका कानाने ऐकत होते आणि ती दुसऱ्या.

तुम्ही कॅबिनमध्ये बसून बिजासनचा घाट चढलात. कोंडाईबारीत रात्री थांबून वडिलांबरोबर चहा प्यायलात. तुमच्याजवळ गाडीतले वडील आहेत. तुमच्या भावाजवळ त्याच गाडीने नेलेले वडील आहेत, महिन्यातले वीस-वीस दिवस. तो ‘लोखंड’ म्हणतो ते गाडीवर प्रेम नाही म्हणून असं मला वाटत नाही. शेडचा वाद बाजूला ठेवा आणि त्याला एवढंच विचारा, की मी गाडीवर असायचो तेव्हा घरी काय चालायचं? आणि मग मध्ये बोलू नका. त्याचं ऐकून झालं आणि तरी त्याला गाडी नकोच असली, तर त्याच्या नकोला तुमच्या हवंइतकंच वजन द्या. तो गाडीवर बसला नाही म्हणून त्याचा वाटा कमी होत नाही.

आईचं उत्तर हे उत्तरच नाही. आपल्याकडच्या बाया ‘तुमचं तुम्ही बघा’ कधी म्हणतात ते मला ठाऊक आहे, मीही म्हटलेलं आहे. १९७९ मध्ये जुनी गाडी घ्यायला पैसे कुठून आले, हे तुम्हाला माहीत आहे का? माझ्या १९८४ च्या वहीत एक नोंद आहे. एका बाजूला ‘टायर सहा’, समोर रक्कम, आणि रक्कम कुठून आली त्या रकान्यात माझ्याच अक्षरात एक शब्द: ‘पाटल्या’. चौदा महिन्यांनी सोडवून आणल्या. पण ते चौदा महिने मी प्रत्येक लग्नाला हात पदराखाली ठेवून बसले. आज त्या गाडीचं काय करायचं असं कोणी मला विचारलं, तर पहिल्या फटक्यात मीही खरं सांगणार नाही. म्हणून ‘ठेवू की विकू’ असं विचारू नका. ती दुपारी निवडायला बसली असेल तेव्हा शेजारी बसा आणि विचारा, गाडी पहिल्यांदा दारात आली त्या दिवशी काय झालं होतं? मग तुम्हाला आईचं मत कळेल.

वडिलांचा क्लीनर हयात असेल तर त्यालाही बोलवा. कॅबिनमध्ये कुठली तार कुठे जाते आणि कुठला नट उलट्या आट्याचा आहे, हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नसणार.

जागेचं म्हणाल तर शेड भावाने टाकावी, ते योग्यच आहे. गाडीला साधारण पंचवीस बाय आठ फूट जागा लागते. खळ्याच्या कडेला ट्रॅक्टरने ओढून नेता येईल. निंबाखालून तर ती हलवायलाच हवी. पाला फळ्यांच्या सांध्यात साचतो, ओल धरतो आणि लाकूड आतून जातं. वर पत्रे टाका. धुऱ्यांखाली लाकडाचे ठोकळे देऊन टायरवरचा भार काढा. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आणि चालू करून बघायची असेल तर घाईने सेल्फ मारू नका, वीस वर्षांत आतल्या रिंगा धरलेल्या असतात. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा, टाकी धुवा, फिल्टर नवे घाला. इंजेक्टर काढून सहाही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग पुढच्या पुलीला मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरवा. जोर करू नका, अडलं तर पुन्हा ऑइल आणि पुन्हा दोन दिवस. मोकळं फिरायला लागलं की इंजेक्टर बसवा, इंजिनातलं ऑइल बदला, रेडिएटर भरा, हातपंपाने डिझेलमधली हवा काढा. त्यानंतर नवी बॅटरी.

त्या दिवशी आईला बाहेर खुर्ची टाकून द्या. ड्रायव्हरच्या जागेवर भावाला बसवा, तुम्ही क्लीनरच्या बाजूला बसा. पहिल्यांदा खूप धूर होईल, घाबरू नका, दोन-तीन मिनिटांत तो कमी होतो. हॉर्न वाजवायचा की नाही ते भावाला ठरवू द्या. आणि काय झालं ते मला कळवा.