लूत लागलेलं पिल्लू आणि हात वर करणारा विक्रेता

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. मुलाच्या वाढदिवसासाठी पुण्यातल्या एका बाईंकडून लॅब्रॅडोरचं पिल्लू घेतलं. जाहिरात इन्स्टाग्रामवर पाहिली होती. २२ हजार रुपये यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. पिल्लू ४५ दिवसांचं आणि एकदम निरोगी आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. एकविसाव्या दिवशी त्याच्या डोळ्यांभोवती केस गळून टक्कल पडलेलं दिसलं. मी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, तर 'शाम्पू बदला' असं उत्तर आलं. आता आठवा आठवडा आहे. पायांवर आणि मानेवरही चट्टे आहेत, खपल्या धरतात. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, तपासणी काही केली नाही. विक्रेत्या म्हणतात, लागण तुमच्याकडेच झाली, हवं तर पिल्लू परत आणा, दुसरं देते. मुलगा त्याला सोडायला तयार नाही. सासरे म्हणतात, लूत भरलेलं कुत्रं लांब कुठेतरी सोडून या. त्यात सोसायटीने आठ दिवसांत कुत्रं हलवा म्हणून चिठ्ठी दिली आहे. काय करू?

उत्तर : ताई, तुमचा दावा बरा आहे, पण त्याला अजून पाया नाही. पिल्लाला नेमकं काय झालंय हे कागदावर कुठेच नाही. आपण 'लूत' म्हणतो त्यात डेमोडेक्स, गजकर्ण आणि खरूज असे निदान तीन वेगळे आजार येतात आणि तिघांचा कायद्याच्या अंगाने अर्थ वेगळा होतो. म्हणून विक्रेत्यांना नोटीस पाठवण्याआधी त्वचेची खरवड तपासून घ्या. ब्लेडने चट्ट्यावरची त्वचा हलकेच खरवडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बऱ्याचदा त्याच दिवशी उत्तर मिळतं. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा सूक्ष्मदर्शक असलेल्या कुठल्याही दवाखान्यात जा. अहवालावर तारीख, पिल्लाचं वर्णन, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही असू द्या. आधी दिलेली इंजेक्शनं कोणती होती, तेही त्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्यात स्टेरॉइड असेल तर नव्या डॉक्टरांना ते कळायलाच हवं, कारण डेमोडेक्स असेल तर स्टेरॉइडने तो बळावतो.

डेमोडेक्स म्हणजे केसांच्या मुळाशी राहणारा सूक्ष्म परजीवी (माइट). तो पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना आईच्या अंगावरून मिळतो. निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही तो थोडाफार असतो. प्रतिकारशक्ती कमी पडली की त्याचं पीक येतं आणि केस गळतात. लहान वयात होणाऱ्या या आजाराची प्रवृत्ती आनुवंशिक असते, म्हणून तो अंगभर पसरलेल्या कुत्र्याची पैदास करू नये असं पशुवैद्य सांगतात. हे इतकं सविस्तर लिहितेय, कारण अहवालात डेमोडेक्स निघाला तर 'लागण तुमच्याकडे झाली' हा विक्रेत्यांचा मुख्य बचाव लटका पडतो. पिल्लू तुमच्या घरी आलं ते दीड महिन्याचं होऊन, आणि हा परजीवी त्याच्या अंगावर त्याआधीच होता. त्या म्हणतील, तुमच्या खाण्यापिण्याने प्रतिकारशक्ती ढासळली. त्यासाठी आहाराच्या, जंतनाशकाच्या, लसीच्या नोंदी जपून ठेवा.

गजकर्ण म्हणजे बुरशी निघाली तर तारखा महत्त्वाच्या ठरतील. संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत तिचे चट्टे दिसतात. तुमच्याकडे ते एकविसाव्या दिवशी दिसले, म्हणजे प्रश्न दोन्ही बाजूंनी वादाचा. खरूज निघाली तरी तसंच. या दोन्ही आजारांची बाधा माणसांना होऊ शकते. मुलाच्या हातावर गोल चट्टा किंवा रात्री वाढणारी खाज असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि तो कागदही फाइलला लावा. डेमोडेक्स माणसाला लागत नाही, तेवढी धास्ती तरी कमी होईल.

कुणी कितीही आग्रह केला तरी पिल्लाच्या अंगाला गाडीचं जळकं ऑइल किंवा रॉकेल लावू नका. आपल्याकडे हा उपाय गल्लोगल्ली सांगतात. त्वचा भाजते, कुत्रं चाटतं आणि ते विष पोटात जातं. माझ्या एका अशिलाने तपासणीआधी ऑइल लावलं होतं. विक्रेत्याच्या वकिलाने तोच फोटो पुढे केला आणि जखमा मालकानेच केल्या असं म्हटलं. ते पिल्लू वाचलं, पण ते प्रकरण मला मनासारखं लढता आलं नाही. त्याची खंत आजही आहे.

आता कायदा. जनावराला वस्तू म्हणणं जिवावर येतं, पण विक्रीच्या व्यवहारात कायदा त्याला जंगम मालमत्ता धरतो आणि इथे ते तुमच्या फायद्याचं आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली सदोष मालाबद्दल तक्रार करता येते. बिल न देणं ही त्याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं हीसुद्धा, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ही मुदत ३० दिवसांची. तुमचा पहिला मेसेज एकविसाव्या दिवसाचा आहे. तो सोन्यासारखा जपा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका, पूर्ण संभाषण तारखांसकट एक्स्पोर्ट करून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तयार करून घ्या.

पण माझ्या मते सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्ही सहज लिहून गेलात : ४५ दिवस. आपल्या बाजारात पिल्लू ४५ दिवसांचं झालं की विकायचं, अशी रीतच पडली आहे. कायदा मात्र वेगळं सांगतो. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. त्यांनी '४५ दिवसांचं' हे मेसेजमध्ये किंवा जाहिरातीत लिहिलेलं असेल, तर नियमभंगाची कबुली त्यांच्याच शब्दांत आहे. नोटिशीत त्यांचा नोंदणी क्रमांक मागा. नसेल तर मंडळाकडे वेगळी तक्रार करा. ती पैशांसाठी नाही, त्या घरातल्या माद्यांसाठी आणि पुढच्या पिल्लांसाठी करा. नोटिशीला उत्तर म्हणून त्या केनेल क्लबचा कागद दाखवतील. तो वंशावळीचा असतो, त्याने आरोग्याची हमी मिळत नाही.

त्या कदाचित म्हणतील, मी व्यापारी नाही, घरच्या कुत्रीची पिल्लं दिली. म्हणून त्यांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट आजच काढा. वेगवेगळ्या महिन्यांतली, वेगवेगळ्या जातींची पिल्लं दिसली की तो बचाव टिकणं कठीण.

पिल्लू परत करण्याची सक्ती तुमच्यावर नाही. दुसरं पिल्लू देते, हा प्रस्ताव नाकारायलाही हरकत नाही. परत गेलेल्या आजारी पिल्लाचं तिथे काय होईल, याची खात्री तुम्हाला कोण देणार? तुम्ही पिल्लू स्वतःकडे ठेवून उपचाराचा खर्च, किमतीतला वाजवी भाग, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा. पूर्ण किंमतही हवी आणि पिल्लूही, अशी मागणी ग्राहक आयोगाला पटवणं अवघड जातं. आकडा फुगवू नका. पावत्यांच्या बेरजेशी जुळणारी मागणी लवकर मान्य होते.

तक्रार नाशिकच्याच जिल्हा आयोगात करता येईल, कारण तक्रारदार राहतो तिथे दाखल करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. पुण्याच्या खेपा वाचल्या. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, पण थांबू नका, कारण पिल्लाचे चट्टे उपचाराने भरतील आणि ते भरायलाच हवेत. म्हणून दर आठवड्याला त्याच उजेडात, त्याच जागी फोटो काढा. आधी रजिस्टर्ड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. तक्रारीसोबत डॉक्टरांचं प्रतिज्ञापत्र जोडा. आजार कधीपासूनचा असावा, याबद्दलचं मत त्यात स्पष्ट हवं.

सासऱ्यांना शांतपणे समजावा. उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव जनावर सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, आणि ही रक्कम मला दरवेळी टोचते. पण दंड किरकोळ म्हणून गुन्हा किरकोळ होत नाही. शिवाय पिल्लू सोडून दिलंत तर तुमचा सगळ्यात मोठा पुरावाही रस्त्यावर जाईल.

सोसायटीची चिठ्ठी बेकायदेशीर आहे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण सभेच्या बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. तरी भांडणाचा सूर लावू नका. शेजाऱ्यांच्या घरातही लहान मुलं असतील आणि त्यांची भीती खोटी नाही. अहवाल हातात आला की सेक्रेटरींना लेखी उत्तर द्या. डेमोडेक्स असेल तर तो माणसाला लागत नाही, असं डॉक्टरांचं पत्र जोडा. गजकर्ण किंवा खरूज असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस पिल्लाला घरातच ठेवू, जिन्यात आणि लिफ्टमध्ये आणणार नाही, असं स्वतःहून लिहून द्या. त्यानंतरही त्रास दिला तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाता येईल. पिल्लू तीन महिन्यांचं झालंय, तेव्हा रेबीजच्या लसीचं डॉक्टरांना विचारून घ्या आणि महापालिकेचा परवानाही काढा.

नोटीस मिळाल्यावर विक्रेत्या काही रक्कम देऊन मिटवायला तयार होतील, अशी बरीच शक्यता आहे. तसा फोन आला तर आधी उपचार कुठवर चालतील, हे डॉक्टरांना विचारा. डेमोडेक्स अंगभर पसरला असेल तर औषधं काही महिने द्यावी लागतात, खरवड दोनदा लागोपाठ स्वच्छ येईपर्यंत. तो पुढचा खर्च धरून रक्कम ठरवा आणि पैसे खात्यात येईपर्यंत 'माझी तक्रार राहिली नाही' असं काहीही लिहून देऊ नका.