पॅनेल आधी उलटं करा, मग दुकानात जा

वायरमन नानांना विचारा

प्रश्न : नाना, राम राम. चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. शेती आता पोराने हातात घेतली, मला चौसष्टावं लागलं. म्हणून एक जुनी १७ सीटची ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढून आत दोन बाकं, गॅसची शेगडी, ५० लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज, तसेच दोन पंखे आणि पाण्याचा छोटा पंप बसवला. मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा करायची आणि तिथून पुढे गाडीनेच नर्मदा परिक्रमेला निघायचं, असं मी आणि पोराच्या आईने ठरवलं आहे. घरावर सोलर बसवलं तेव्हा ३३० वॅटचे दोन पॅनेल उरले, ते टपावर टाकणार. बॅटरी घरच्या इन्व्हर्टरचीच, १५० एएचची ट्यूब्युलर. अडलंय ते चार्ज कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीवर. एक दुकानदार म्हणतो, ३० अँपिअरचा पीडब्ल्यूएम घ्या, हजाराच्या आत काम होतं. दुसरा म्हणतो, एमपीपीटीच लागेल, आणि त्याची किंमत आठ-नऊपट सांगतो. भाच्याने ऑनलाइन एक निळी डबी मागवली, तिच्यावर एमपीपीटी लिहिलंय आणि ती तेराशेला आली. कोणाचं ऐकू? पॅनेलच्या पाठीवरच्या पाटीचा फोटो सोबत पाठवतो.

उत्तर : आबा, राम राम. कोणाचंच ऐकू नका. पाटीचा फोटो पाठवलात तिथेच तुमचं निम्मं काम झालं. माझ्याकडे येणारे दहातले नऊ जण कंट्रोलरची किंमत सांगतात, पाटीवर काय आहे ते कोणी सांगत नाही.

तुमच्या पाटीवर तीन आकडे आहेत. भार असताना ३७.४ व्होल्ट, तेव्हाचा करंट ८.८३ अँपिअर, आणि वायर मोकळी असताना ४५.६ व्होल्ट. हे ७२ सेलचं घरच्या छपरावरचं पॅनेल आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी निघणारं पॅनेल ३६ सेलचं असतं, ते साधारण १८ व्होल्टवर चालतं. फरक इथेच आहे.

पीडब्ल्यूएम म्हणजे फटाफट चालू-बंद होणारं बटण. ते पॅनेल थेट बॅटरीला जोडतं, मग पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली यावं लागतं. करंट तेवढाच राहतो. म्हणजे ८.८३ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, झाले ११५ वॅट. तुम्ही टपावर ३३० वॅट वाहून न्याल आणि वापराल ११५. विहिरीत पाणी भरपूर आणि मोटरीला अर्ध्या इंचाचा पाइप, असा प्रकार. एमपीपीटी हे जादा व्होल्टेज फुकट घालवत नाही, त्याचा करंट करून देतो. ३३० भागिले १३, म्हणजे कागदावर २५ अँपिअर. तेव्हा तुमच्या पॅनेलला एमपीपीटीच हवा. दुसरा दुकानदार बरोबर बोलला, पण त्याने पाटी बघितली होती की नाही ते देव जाणे.

पण इतर वाचकांसाठी उलटी गोष्टही सांगतो, ती दुकानदार सांगत नाहीत. तुमच्याकडे ३६ सेलचं १८ व्होल्टचं पॅनेल असतं, तर मी पीडब्ल्यूएम घ्या म्हटलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो, तेव्हा टपावरच्या पॅनेलच्या काचेखाली सेल ६५ ते ७० अंशांवर असतात. पाटीवरचे आकडे २५ अंशांचे. अंशागणिक जवळपास ०.४ टक्का घसरण धरली, तर १८ चे १५ व्होल्टही राहत नाहीत. वायर आणि बॅटरीने थोडं घेतलं की एमपीपीटीला कमवायला उरतं काय? थंड मुलुखात त्याचा फायदा मोठा, खान्देशच्या उन्हाळ्यात १८ व्होल्टच्या पॅनेलवर तो मूठभर.

त्याच उन्हात तुमच्याही ३३० मधले १६-१८ टक्के जातील. पॅनेल टपाला चिकटवू नका. खाली चार बोटं तरी जागा सोडा, गाडी पळताना वारा खेळला पाहिजे.

आता भाच्याची निळी डबी. नाव काहीही छापता येतं. आधी हातात घेऊन वजन बघा. खऱ्या एमपीपीटीत तांब्याच्या तारेचं जाड कॉइल आणि ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो, तो हाताला जड लागतो. खात्री करायची तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणा (साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो इथे शून्य दाखवेल). बॅटरी थोडी उतरलेली असताना सकाळी अकराच्या उन्हात आधी पॅनेलच्या एका वायरीवर लावा, मग बॅटरीच्या. पॅनेलकडून ८ येतात आणि बॅटरीत वीसच्या आसपास जातात, तर एमपीपीटी खरा. दोन्हीकडे ८ च, तर आतमध्ये पीडब्ल्यूएम बसलाय. आणि एक पाहा, अशा डब्यांवर बारीक अक्षरात पॅनेलची मर्यादा ५० व्होल्ट लिहिलेली असते. तुमचे ४५.६ बसतात असं वाटेल. पण थंडीत पॅनेलचं मोकळं व्होल्टेज वाढतं, अंशाला सुमारे ०.३ टक्का. तुम्ही परिक्रमेत पौषात अमरकंटकला पोचलात आणि पहाटे पारा शून्याशी आला, तर पहिल्या उन्हाला तेच पॅनेल ४९ व्होल्ट दाखवेल. ५० ची मर्यादा आणि ४९ चा मारा, यात माझी तरी झोप लागणार नाही. घ्यायचा तो १०० व्होल्टचा घ्या. काही कंपन्या डब्यावर १००/३० असं छापतात, त्यात पहिला आकडा पॅनेलच्या व्होल्टचा, दुसरा बॅटरीत जाणाऱ्या अँपिअरचा.

दोन्ही पॅनेल लावलीत तर पॅरलल जोडा, म्हणजे प्लसला प्लस, मायनसला मायनस. सिरीजला (एकामागे एक) जोडलीत तर त्याच पहाटे ९८ व्होल्ट होतील, १०० ला खेटून. शिवाय लिंबाखाली गाडी उभी केली आणि एका पॅनेलवर सावली आली, तर पॅरललमध्ये दुसरं निवांत चालू राहतं. दोन पॅनेल आणि ३० अँपिअरचा कंट्रोलर असेल तर भर दुपारी तो ३० वर थांबेल, वरचं घेणार नाही, इतकंच. फक्त पॅनेलकडून किती अँपिअरपर्यंत चालतं तेही त्याच्या कागदावर बघून घ्या, दोघांचे मिळून साडेसतराच्या वर जातात.

पण दोन लागतात का? फ्रिज चालू असताना ५० वॅट खातो, उन्हाळ्यात निम्मा वेळ चालला तर दिवसाचे ६०० वॅट-अवर. दोन पंखे रात्रभर, ५००. दिवे, मोबाइल, पंप मिळून १००. झाले सव्वा युनिटच्या जवळ. एक पॅनेल टपावर सपाट असताना कडक उन्हात दिवसाला तेवढंच देतं. मार्गशीर्षात ऊन उतरतं हे खरं, पण तेव्हा पंखे बंद आणि फ्रिजही कमी चालतो. परिक्रमेला एक पुरेल. मे महिन्यात आत झोपायचं असेल तर दोन.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, ते. ती ट्यूब्युलर घरीच ठेवा. पन्नास किलोच्या वरचं ते उंच धूड घरात एका जागी उभं राहायला केलेलं असतं, गचक्यांत आम्ल सांडतं. चार्ज होताना हायड्रोजन सोडतं, आणि तिथेच बाकावर तुम्ही दोघं झोपणार, शेजारी गॅसची शेगडी. मी स्वतः हा शहाणपणा केलेला आहे. २०१९ च्या मे महिन्यात माझ्या जुन्या व्हॅनमध्ये लेड ॲसिड बॅटरी आणि स्वस्तातला कंट्रोलर होता, त्याला तापमानाची प्रोब नव्हती. तो २५ अंश समजून १४.४ व्होल्ट देत राहिला. ४५ अंशांत लेड ॲसिडला त्यापेक्षा जवळपास अर्धा व्होल्ट कमी द्यावा लागतो. महिन्याभरात पाणी आटून प्लेटा उघड्या पडल्या. बायको रोज म्हणायची, गाडीत सडक्या अंड्याचा वास येतो, आणि मी तिच्या भाजीच्या पिशवीवर संशय घेत होतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची बॅटरी घ्या. वजन साधारण १२ किलो, जवळजवळ सगळी वापरता येते. कंट्रोलर घेताना त्यात लिथियमचं सेटिंग आहे का ते दुकानातच लावून बघा : चार्ज १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट (बॅटरी भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) १३.५, इक्वलायझेशन (लेड ॲसिडला अधूनमधून मुद्दाम दिलेला जादा चार्ज) बंद, तापमानाची दुरुस्ती शून्य. ट्यूब्युलरचंच सेटिंग राहिलं तर इक्वलायझेशनला १५ च्या वर व्होल्ट चढतील आणि बॅटरीतला बीएमएस, म्हणजे तिला सांभाळणारं आतलं सर्किट, पुरवठा तोडून टाकेल. शून्याखाली लिथियम चार्ज करायची नाही, म्हणून बीएमएसमध्ये थंडीचं संरक्षण आहे का विचारा. अमरकंटकसाठीच सांगतोय, चोपड्याला त्याची गरज नाही.

कंट्रोलर बॅटरीपासून हातभर अंतरावर, हवा लागेल असा, उभा लावा. बरेचसे ४० अंशांपर्यंतच पूर्ण अँपिअर देतात, बाकाखालच्या बंद पेटीत स्वतःच हात आखडतात. टपावरून खाली येणारी वायर ४ स्क्वेअर एमएमची चालेल, कारण एका पॅनेलचे तिथे ९ अँपिअर. कंट्रोलर ते बॅटरी मात्र १० स्क्वेअर एमएम आणि बॅटरीच्या टर्मिनलजवळ ४० अँपिअरचा फ्यूज. घरचा एसीचा एमसीबी इथे लावू नका, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही.

आणि पोराच्या आईला ठेच्यासाठी मिक्सर हवा असेलच. त्याचा इन्व्हर्टर थेट बॅटरीवर घ्या, स्वतंत्र फ्यूज लावून. कंट्रोलरवर बल्बचं चित्र असलेली जी ‘लोड’ची दोन टोकं असतात, तिथे कधीच नाही. पाचशे वॅटचा मिक्सर बाराच्या बॅटरीतून चाळीसच्या वर अँपिअर ओढतो, ती टोकं तेवढ्यात जळतात. खलबत्ता न्या, असंही म्हणेन, पण ते तुम्ही घरात सांगायचं.

प्रश्न : शहाद्याहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या गाडीची बॅटरी बदलताना मेकॅनिकने आधी बॅटरीची वायर काढली, पॅनेल उन्हातच होतं, आणि कंट्रोलर गेला. दोष कोणाचा?

उत्तर : ताई, क्रमाचा. बॅटरी काढली की काही कंट्रोलरना पॅनेलचं व्होल्टेज अंगावर घ्यावं लागतं आणि त्यांना ते झेपत नाही. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. पॅनेलच्या वायरीवर डीसीचं एक आयसोलेटर, म्हणजे वायर तोडणारा स्विच, बसवून घ्या. तोवर बॅटरीला हात लावण्यापूर्वी पॅनेलवर जाड गोधडी टाका आणि पॅनेलची वायर सोडवा.