अकॉर्डियन वाजवून पोट भरेल का?

"मॅडम, सतार-तबला असता तर एक वेळ समजलं असतं. पण ही गळ्यातली पेटी?" जर्मनीत स्थायिक झालेले एक बाबा मुलीच्या करिअरबद्दल माझा सल्ला घेताना ऑनलाइन विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगी गणितात हुशार, पण तिला संगीत विद्यापीठात अकॉर्डियन शिकायचंय, तेही समकालीन, म्हणजे आजच्या काळात लिहिल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य संगीतासाठी. वाद्य बदलतं, पालकांची काळजी हीच असते.

"निदान मोत्झार्ट, बेटहोव्हन तरी वाजव," असा बाबांचा हट्ट. त्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, ते दोघं गेल्यावर 1829 मध्ये व्हिएन्नात याचं पेटंट घेतलं गेलं. ते कुठून लिहिणार?" मुद्दा बिनतोड होता. डेन्मार्कच्या मोगेन्स एलेगार्डसारख्या वादकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीतकारांच्या मागे लागून या वाद्यासाठी लिहून घेतलं. त्यामुळे बाखसारख्या जुन्या संगीतकाराच्या रचना बसवून वाजवल्या, तरी या वाद्याचं स्वतःचं भांडार बरंचसं नवंच. मग तिनं रशियन संगीतकार सोफिया गुबाइदुलिनाच्या 'दे प्रोफुंदिस'मधली (1978) एक जागा वाजवून दाखवली. सूर एकही नाही, नुसता भात्यातला वारा.

"दम लागल्यासारखं वाटतंय," आई म्हणाली.

"आणि याचे पैसे मिळतात?" बाबा.

इथं मी दोन भांडणं वेगळी केली. याला संगीत म्हणायचं का, हा आवडीनिवडीचा प्रश्न. तो माझ्यासमोर सुटायची गरज नव्हती. पोटाचा प्रश्न मात्र कागदावर मांडता येतो. मुलीला सांगितलं, काम करणाऱ्या वादकांना गाठ आणि विचार, महिन्याचे पैसे नेमके कुठून येतात?

तिनं आणलेला हिशेब बोलका होता. भरवशाचे पैसे शिकवण्याचे. मग नव्या संगीताचे समूह, नाटकं, महोत्सव. एकट्याच्या मैफिली सगळ्यात शेवटी. नवी रचना महिनोन्‌महिने बसवायची आणि मानधन एका संध्याकाळचं. दुसऱ्या बाजूला, जर्मनीत स्वतंत्र कलाकारांसाठी 1983 पासून सामाजिक विम्याची खास सोय आहे. आरोग्यविमा आणि पेन्शनचा साधारण निम्माच हप्ता कलाकार भरतो. हे बाबांना ठाऊकच नव्हतं. मैफिलीचं चांगलं वाद्य मात्र 20-30 हजार युरोंच्या घरात जातं, हे ऐकून आईनं कपाळाला हात लावला.

"आधी इंजिनिअरिंग, मग छंद" हा तोडगा मी सुचवला नाही. प्रवेशपरीक्षेचा रोजचा रियाज चार-पाच वर्षं बाजूला ठेवून पुन्हा उचलणं फार थोड्यांना जमतं. वादनासोबत अध्यापनाचं शिक्षण घे, एवढं मात्र ठासून सांगितलं. मुलीनं नाक मुरडलं, पण ऐकलं.

दोन प्रयत्नांत प्रवेश मिळाला नाही तर गणित, असं घरात ठरलंय. बाबांना ते संगीत अजूनही आवडत नाही. आवडायलाच हवं, असा आग्रह मी धरला नाही, आणि मुलीनंही नाही.