खाली बघू नकोस

बाय,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. डिजिटल विकून टाकू का, फिल्मवर गेले तर फोटोत जीव येईल का, वगैरे. जुना फिल्म कॅमेरा तू आधीच घेऊन बसली आहेस, मग मला विचारतेस कशाला, असंच पहिल्यांदा मनात आलं. पण आपल्या गोव्यातल्या माशेलला तुला काम करताना पाहिलं होतं, म्हणून लिहितो.

चिखलकाल्याला, म्हणजे आषाढातल्या चिखलात खेळायच्या उत्सवाला, देवकीकृष्णाच्या देवळासमोर, मैदानाच्या कडेला तू उभी होतीस. जागा चांगली धरली होतीस. अंगाला तेल चोपडलेले गडी चिखलात लोळत होते आणि तुझं बर्स्ट, म्हणजे एका दाबात धडाधड फोटो, चालू होतं. दहा-बारा फ्रेम, मान खाली, झूम करून डोळे शार्प आलेत का ते बघायचं, मान वर. पुन्हा दहा-बारा, पुन्हा मान खाली. अशीच तुझी मान खाली असताना, तुझ्या डाव्या हाताला चार पावलांवर, एका आजोबांनी नातवाला मांडीशी धरलं, धोतराच्या सोग्याने त्याचं तोंड पुसलं आणि बोट वाकवून गालफडात गेलेला चिखल बाहेर काढला. पोर बोटाला चावलं. आजोबा खदखदून हसले. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. तू तेव्हा मघाचा फोटो बघत होतीस.

यात डिजिटलचा काय दोष? फिल्म कॅमेऱ्याला मागे स्क्रीन नसते म्हणून मान वर राहते, एवढंच. संयम-बिंयम रोलच्या डबीतून मिळत नाही. रस्त्यावरचे फोटो काढणारा अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड 1984 साली गेला, तेव्हा त्याच्यामागे न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल निघाले. फिल्मवाला म्हणजे मोजूनमापून बटण दाबणारा, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. पण हाच माणूस रोल मुद्दाम उशिरा धुवायचा. काढतानाची धुंदी उतरल्याशिवाय निवड करू नये, असं त्याचं म्हणणं. काढायचं तेव्हा काढावं, निवडायचं तेव्हा निवडावं. तू दोन्ही एका दमात करायला जातेस आणि दोन्ही अर्धवट राहतात. दाबल्यावर खाली बघू नकोस.

मग एक्स्पोजर चुकलं तर? हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि इथे सवयी चक्क उलट्या आहेत. निगेटिव्हवर आम्ही सावली सांभाळायचो. उजेड थोडा जास्त पडला तरी निगेटिव्ह ते पोटात घालते. डिजिटल घालत नाही. पणजीच्या चर्चची पांढरी भिंत एकदा जळाली की जळाली, तिच्यावरचा चुना मग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. अंधारातलं मात्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न घोटलेल्या मूळ फाइलमधून बरंच वर काढता येतं. म्हणजे डिजिटलवर आधी उजेड सांभाळायचा. (स्लाइड फिल्म, म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट सुलटं चित्र देणारी, या बाबतीत डिजिटलच्याच जातीची.) शिवाय आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 400 असलेला रोल घातला की 36 फ्रेम संपेपर्यंत 400च. देवळाच्या मंडपात शिरलीस तर अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचं तोंड उघड, शटरचा वेग उतरव, खांबाला टेकून उभी राहा. तू आयएसओ ऑटोवर टाकून मोकळी झालीस आणि प्रकाश वाचायला शिकलीच नाहीस. लख्ख उन्हात भिंगाचं तोंड एफ 16 वर आणि शटर आयएसओच्या आसपास, म्हणजे 400 ला 1/500 सेकंद. तेच शटर ठेवून आषाढातल्या दाट आभाळाखाली एफ 5.6. एवढं अंगवळणी पडलं की स्क्रीनचं काम निम्म्याने कमी होतं. प्रकाश बदलला तर आडोशाला जाऊन हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख, बघ आणि परत ये. एकदा. प्रत्येक क्लिकला नाही!

मला लोक हट्टी म्हणतात. 2012 च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा ओळखीपाळखीतले फोन करून माझी विचारपूस करत होते, घरातलं कुणी गेल्यासारखी. त्याआधीच एका वर्तमानपत्राचं काम हातचं गेलं होतं. त्यांना कार्यक्रम संपायच्या आत फोटो हवे असायचे आणि मी रात्री न्हाणीघरात रोल धूत बसायचो. मग लग्नाची कामंही आटली, कारण नवरीची आई स्टेजवरच म्हणायची, ‘दाखवा बघू, कसा आला?’ मुलांच्या शिक्षणाच्या ऐन दिवसांत ओढाताण झाली. ती बायकोने निभावली, याचं अजून वाईट वाटतं. पण हट्टाचं नाही वाटत. आता माझ्याही हातात डिजिटलच आहे, स्क्रीन आत वळवून बंद केलेलं. कुणाला तो म्हातारचळ वाटतो. वाटू दे.

आमचीही मान खाली जायची, रोल बदलताना. पावसात छत्री मानेत अडकवून रोल घालायचा, आणि नेमकं तेव्हाच समोर काहीतरी घडायचं. म्हणून आकडा 34 वर आला की शेवटच्या दोन फ्रेम राखून ठेवायच्या. तुला ती अडचणच नाही. कार्डात हजारो फोटो मावतात, मान खाली घालायचं एकही कारण उरलेलं नाही, आणि तुम्ही पोरंच सगळ्यात जास्त खाली बघता. याचा मला खरंच राग येतो.

चवथीला, गणपतीत, डिजिटलच घे. ऑटो रिव्ह्यू, म्हणजे दाबल्यावर फोटो आपोआप स्क्रीनवर येणं, बंद कर. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला घेतील तेव्हापासून उभी राहा. सुपारीचे घोस वर लावणाऱ्याचे हात सगळेच काढतात, खालून तोंडाने सूचना देणारे कुणी काढत नाही. विसर्जन होईपर्यंत एकही फोटो बघायचा नाही. मग एका बैठकीत सगळे बघून 36 ठेव. सदतिसावा मला दाखवू नकोस.

आणि तो जुना कॅमेरा विकू नकोस, वापर. फक्त चामड्याच्या केसमधून आधी बाहेर काढ. आपल्याकडच्या पावसात ते चामडं ओल धरतं आणि भिंगाला बुरशी चढते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेव, आणि ते जेल अधूनमधून तापवून सुकवायला विसरू नकोस.