बस थांबायला आली, तरी रेष वर का चढते?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. केएमटी बसच्या उदाहरणात बस थांबताना तिने वेग-काल आलेखाची रेष खाली आणली, ते बरोबर आलं. अंतर-काल आलेखातही तसंच केलं, तर बाईंनी चूक दिली. असं का? आणि वेगाच्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे कसं काय?
– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. ब्रेक लागला तरी बस पुढेच सरकते. फक्त दर सेकंदाला कमी कमी अंतर कापते. म्हणून अंतराची रेष चढत चढत सपाट होते. कापलेलं अंतर कधी घटत नाही, मग रेष खाली येणार कुठून? उभ्या अक्षावर विस्थापन, म्हणजे निघालेल्या जागेपासूनचं सरळ अंतर, असेल तर मात्र येते. रंकाळ्याला पूर्ण फेरी मारून निघालात तिथेच पोचलात, की विस्थापन शून्य.

आता क्षेत्रफळ. समजा, बस २० सेकंदांत शून्यावरून १० मी/से वेग घेते, ६० सेकंद तोच ठेवते आणि पुढच्या १० सेकंदांत थांबते. मधल्या टप्प्यात वेग गुणिले काळ, म्हणजे १० × ६० = ६०० मीटर. आलेखातल्या आयताची लांबी-रुंदी हीच. सुरुवातीला वेग एकसारखा वाढतो, त्यामुळे सरासरी ५ धरायचा : ५ × २० = १०० मीटर. त्रिकोणाच्या सूत्रातला ‘अर्धा’ इथून येतो. शेवटचा त्रिकोण ५० मीटरचा. एकूण ७५०. पुष्कळ मुलं सरळ १० × ९० करून ९०० लिहून मोकळी होतात. वेग ३६ किमी/तास दिला असेल तर आधी ५/१८ ने गुणून १० मी/से करून घ्या. काळ सेकंदांत असताना ३६ तसाच वापरला की उत्तर भलतंच येतं.

अंतर-काल आलेखासाठी ५, १०, १५, २० सेकंदांना ६.२५, २५, ५६.२५, १०० मीटर हे बिंदू मांडा. ते पट्टीने जोडू नका, हाताने वक्र काढा. पुढची सरळ रेष त्याला कोपरा न होता मिळायला हवी. कोपरा म्हणजे वेग एका क्षणात बदलला. खऱ्या बसमध्ये उभे प्रवासी आडवेच होतील! शेवटाकडे ८०, ८५, ९० सेकंदांना ७००, ७३७.५, ७५० मीटर.

खरा घोळ असतो तो आलेखाला रस्त्याचं चित्र समजण्यात. पन्हाळ्याचा घाट चढताना गाडी मंदावते, म्हणून अंतर-काल रेषेचा चढ तिथे उलट कमी होतो. पेन्सिल टेकवण्याआधी उभ्या अक्षावर काय आहे ते मुलीला मोठ्याने वाचायला लावा. वेग-काल आलेखात रेष नुसती उतरली, तर गाडी फक्त मंदावलेली असते. आडव्या अक्षाच्या खाली गेली, तरच ती उलट दिशेला निघाली असं समजायचं.