संस्थानिकाचा हुकूम कागदावर राहिला का?

प्रश्न : राजर्षी शाहू महाराजांचे निधन 6 मे 1922 रोजी आमच्या खेतवाडीतील पन्हाळा लॉजमध्ये झाले, एवढेच आम्हा गिरगावकरांना ठाऊक असते. इंग्रजांच्या अंकित असलेल्या संस्थानिकाला नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढता कसा आला आणि त्याची अंमलबजावणी खरोखर झाली का?
– एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : परराष्ट्र व्यवहारात संस्थानिकांना काडीचाही अधिकार नव्हता, पण आपल्या दरबारातील नोकर नेमणे बरेचसे त्यांच्याच हाती असे. 1884 मध्ये दत्तक गेलेल्या शाहू महाराजांकडे 2 एप्रिल 1894 रोजी प्रत्यक्ष कारभार आला, तेव्हा वरिष्ठ 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत असताना, 26 जुलै 1902 रोजी, करवीर म्हणजे कोल्हापूर सरकारच्या गॅझेटात तो हुकूम छापून आला.

हुकूम मुळातून वाचला म्हणजे त्यातील व्यवहारी चातुर्य लक्षात येते. कामावर असलेल्या कोणालाही काढलेले नाही. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात, आणि ज्या कचेरीत त्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, एवढेच सांगितले आहे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सारे मागासलेले, अशी व्याख्याही तेथेच दिली आहे. मात्र माझ्या मते खरी मेख शेवटच्या कलमात आहे : प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक सरकारकडे पाठवावे. कारकुनी टाळाटाळीने भले भले हुकूम दप्तरात कुजतात, हे महाराज पुरते जाणून होते.

अर्थात शिकलेले उमेदवारच नसतील, तर राखीव जागा भरायच्या कोणी? त्याची तजवीज आधीपासून सुरू होती. 1901 मध्ये मराठा व जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली. पुढे मुस्लिम, लिंगायत आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात दोन वेळच्या जेवणाची आणि पथारीची सोय झाल्यावाचून हायस्कूलचे दार त्याच्यासाठी बंदच होते. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले.

1912 पर्यंत वरिष्ठ जागा 95 झाल्या होत्या आणि त्यांतील ब्राह्मण अधिकारी 35 उरले होते. आपल्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे.