निघून गेलेल्यांना आधी मोज

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. व्यसनावरच्या नव्या औषधांवर पीएचडी करायची म्हणतेस आणि पहिल्याच पानावर चार रेणू मांडून ठेवलेस. रेणू जरा बाजूला ठेव. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली एक अमेरिकी चाचणी काढ आणि निष्कर्षाच्या आधी, किती जण आले नि किती गळाले, ती आकृती बघ.

अफूजन्य पदार्थांच्या, बहुतांशी हेरॉइनच्या व्यसनातली ५७० माणसं होती. काहींना अफूची जागा घेणारं, जिभेखाली ठेवायचं ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन, काहींना महिन्यातून एकदा टोचायचं नॅलट्रेक्सोन. ज्यांना औषध खरोखर सुरू झालं त्यांचाच हिशेब धरला, तर दोन्ही साधारण तोडीस तोड. पण नॅलट्रेक्सोन मेंदूतल्या ग्राहींवर, म्हणजे अफू जिथं चिकटते त्या जागांवर, नुसतं ठाण मांडून बसतं, त्यांना चाळवत नाही. अंगात अफू शिल्लक असताना टोचलं की टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, उसळते. त्यामुळे आधी काही दिवस सगळं बंद करावं लागतं, आणि माणसं तिथंच गळतात. २८३ पैकी २०४ जणांनाच पहिलं इंजेक्शन मिळालं. ब्युप्रेनॉर्फिन मात्र २८७ पैकी २७० जणांना सुरू झालं. सगळ्यांना धरून मोजलं तेव्हा २४ आठवड्यांत पुन्हा व्यसनाकडे वळलेले नॅलट्रेक्सोनच्या गटात ६५ टक्के, ब्युप्रेनॉर्फिनच्या गटात ५७ टक्के. म्हणजे निकाल ठरवला तो इंजेक्शनपर्यंत न पोचलेल्या ७९ जणांनी.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. माझ्या पहिल्या अभ्यासात न आलेल्यांचे रकाने मी कोरे सोडले होते, आणि सरासरी मोठी देखणी आली होती. गाइडनी विचारलं, “हे कुठं गेले?” मी म्हटलं, “सर, ड्रॉपआउट.” ते म्हणाले, “ड्रॉपआउट हा काही पत्ता नाही.” मग समाजसेवकाला घेऊन वस्त्यांमध्ये हिंडलो. एकाला बांधकामावर काम लागलं होतं, आणि आमची खिडकी उघडायची दहाला. एक तुरुंगात होता. एक वारला होता, त्याच्या आईनं आम्हाला चहा दिला. कोऱ्या रकान्यांत हे सगळं एकसारखंच दिसत होतं.

आपल्याकडच्या ओएसटी केंद्रात, म्हणजे अफूजन्य नशेच्या जागी औषध देतात तिथं, ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवावी लागते, बहुतेकांना रोज. रोजंदारीवरचा माणूस त्यात अर्धा दिवस घालवतो. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालेल्या महिन्याच्या ब्युप्रेनॉर्फिन इंजेक्शनकडे मी म्हणूनच आशेनं बघतो. त्यात रेणू जुनाच आहे, फक्त रुग्णाचे हेलपाटे वाचतात. तुझ्या यादीत ते नाही! नवं म्हणजे नवा रेणूच, असं कुणी शिकवलं तुला?

घरचे विचारतील, “ही गोळीपण सुटणार कधी?” १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डोल आणि नायस्वांडर या डॉक्टरांनी हेरॉइनच्या जागी मेथाडोन हे अफूच्याच जातीचं औषध द्यायला सुरुवात केली तेव्हापासून ‘एक नशा काढून दुसरी लावली’ हा आक्षेप आहे. चिडू नकोस. औषध मध्येच सोडलं की शरीराची नशा पेलायची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीचाच डोस जीव घेतो, हे त्यांच्या भाषेत सांगता आलं पाहिजे.

उत्तेजकांचं प्रकरण जास्त कठीण. कोकेन किंवा मेथ (मेथाम्फेटामिन), दोन्हींच्या व्यसनावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकानं आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही. २०२१ मध्ये मधुकर त्रिवेदी आणि सहकाऱ्यांनी मेथ घेणाऱ्या ४०३ जणांवर नॅलट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि बुप्रोपिऑनच्या गोळ्या एकत्र वापरून पाहिल्या. प्रतिसाद १३.६ टक्के, खोट्या औषधावर २.५. आणि प्रतिसाद म्हणजे काय, तर शेवटच्या टप्प्यातल्या लघवीच्या चार नमुन्यांपैकी किमान तीन स्वच्छ. शंभरातले अकरा जास्त. मला हा आकडा लहान वाटत नाही. तुला वाटत असेल, तर तू यश कशाला म्हणतेस ते आधी ठरव. प्रस्तावात ‘संपूर्ण मुक्ती’ लिहिलंयस. आठवड्यातून सहा दिवस घेणारा एकावर आला, तर त्याला तू कुठल्या रकान्यात टाकणार?

आपल्याकडे एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजकाच्या, बातम्यांत पकडलेल्या मालाचं वजन असतं. मेफेड्रोन २०१५ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, पण त्या व्यसनावर द्यायला खास औषध आजही नाही. विषय तिथं आहे, बघ.

आणखी एक. ‘अब्यूझर’ हा शब्द काढ. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, जे अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलं, ‘रुग्णमित्र’ म्हणतात. जमलं तर महिनाभर अशा ठिकाणी नुसती बसून ये, फॉर्म न घेता.

पुढच्या मसुद्यात चारऐवजी एकच औषध ठेव. आणि बजेटमध्ये न आलेल्यांना शोधत फिरणाऱ्या माणसाचा पगार नि बसभाडं दाखव. समिती कापायला बघेल, तेव्हा मला सांग. फोन दुपारी कर, सकाळी मी ओपीडीत असतो.

तुझा,
सर